कशिद्याचा सदरा आणि सुईची मजुरी



'घरबसल्या धंदा' हे शब्द आपल्या कानांवर वारंवार पडतात. बाईने घरकाम आटोपून चार टाके घालावेत, सदऱ्याच्या गळ्यावर वेलबुट्टी काढावी, तो सदरा बाजारात विकावा आणि मीठमिरचीपुरते पैसे गाठीला बांधावेत, अशी त्यामागची कल्पना असते. कल्पना वाईट नाही. पण ती काही आजची नव्हे. तिला चांगला दीडदोनशे वर्षांचा इतिहास आहे, आणि तो आपल्या देशात व परदेशांत पुष्कळ ठिकाणी घडून गेलेला आहे. तो नीट पाहिला म्हणजे एक गोष्ट ध्यानात येते. सुई चालवणाऱ्या हातांचे कौतुक सगळीकडे झाले. त्या हातांना मजुरी मात्र सगळीकडे मिळाली नाही. कुठे मिळाली, कुठे मिळाली नाही, आणि असे का झाले, एवढेच मी आज सांगणार आहे. आणि सुरुवात आपल्या जतपासून करणार आहे.

जतचा मुलूख आपणांस ठाऊकच आहे. पाऊस कमी, जमीन माळरानाची. ज्वारी-बाजरी, शेळ्यामेंढ्या, आणि अलीकडे जिथे पाणी आले तिथे डाळिंब व द्राक्षे. आदिलशाहीपासून इथली देशमुखी डफळे घराण्याकडे होती. पुढे त्यांचे संस्थान झाले. इंग्रजी अमदानीत त्याचा कारभार विजापूरच्या एजन्सीच्या नजरेखाली चाले. १९४८ साली संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले, १९४९ साली दक्षिण सातारा जिल्ह्यात आले, आणि १९६० साली त्याच जिल्ह्याचे नाव सांगली झाले. कागदोपत्री जिल्हे बदलले, पण माणसांचे येणेजाणे बदलले नाही. गुड्डापूरच्या दानम्मादेवीला अलीकडचे मराठी बोलणारे जातात आणि पलीकडचे कानडी बोलणारेही येतात. भाषा दोन, पण लुगडे एक. ते म्हणजे इरकल. आणि या इरकल लुगड्याच्या निमित्ताने सुईची एक मोठी विद्या या भागात नांदत आली. तिला कानडीत कसुती म्हणतात, आपण कशिदा म्हणतो.

कसुती हा शब्द 'कै' म्हणजे हात आणि 'सुती' म्हणजे सूत यांपासून झाला, असे सांगतात. धारवाड, विजापूर, बेळगाव हा तिचा मूळ मुलूख. इरकल लुगड्याच्या पदरावर, खणाच्या चोळीवर, लहान मुलांच्या कुंचीवर आणि टोपड्यावर हा कशिदा काढीत. काळ्या चंद्रकळेवर तो विशेष खुले. आकृत्या सगळ्या नित्याच्या पाहण्यातल्या: तुळशीवृंदावन, देवळाचे गोपूर, रथ, पालखी, हत्ती, मोर, नंदी.

या कामाची रीत मोठी शिस्तीची आहे बरं का. कापडावर आधी काही काढून घ्यायचे नाही. छापा नाही, पेन्सिलीची रेघ नाही. कापडाचे उभेआडवे धागे मोजायचे आणि त्या मोजणीवर आकृती उभी करायची. टाके मुख्यतः चार. गवंती हा सरळ दुहेरी धावटाका; सुई एकदा पुढे जाते आणि परत येताना मधल्या मोकळ्या जागा भरीत येते. त्यामुळे काम दोन्ही बाजूंनी सारखेच दिसते, उलटसुलट ओळखू येत नाही. मुर्गी हा नागमोडी, पायऱ्यापायऱ्यांचा टाका. नेगी हा विणकामासारखा दिसणारा. आणि मेंथी म्हणजे मेथी, फुलीचा भरगच्च टाका. गाठ म्हणून मारायची नाही, कारण गाठ मारली की उलटी बाजू बिघडली.

यातला गवंती टाका एकट्या आपलाच आहे असे नाही. सोळाव्या शतकात हॅन्स होल्बाइन नावाचा चित्रकार इंग्लंडच्या राजदरबारात चित्रे काढीत असे. त्याने रंगवलेल्या स्त्रीपुरुषांच्या सदऱ्यांच्या गळ्यांवर आणि मनगटांवर काळ्या रेशमाचे असेच काम इतके बारकाईने दाखवले आहे, की युरोपात या टाक्याला होल्बाइनचा टाका असेच नाव पडले. टाका तोच, धावही तीच. पण टाक्याला नाव मिळाले ते चित्रकाराचे. ज्या बायांनी ते सदरे भरले त्यांची नावे कोणी लिहून ठेवली नाहीत. या इतिहासात असे पुढेही पुष्कळदा घडलेले दिसते.

आपल्याकडे हा कशिदा बहुतेक वेळा विकण्यासाठी नव्हता. आई लेकीसाठी करी, मावशी भाच्यासाठी कुंची भरी. त्याचा मोबदला पैशात नव्हे, नात्यात फिटत असे. म्हणून एका पदराला किती दिवस लागले हे कोणी मोजले नाही. मोजण्याचे कारणच नव्हते. पण हीच सवय पुढे अंगलट आली. जे काम बाजारात गेले, त्याचेही तास कोणी मोजीना.

आता दुसरी परंपरा पाहू. जत तालुक्यात दरीबडची आणि उटगी या गावांच्या बाजूला लमाणतांडे आहेत. लमाण, बंजारा, लंबाणी ही निरनिराळी नावे, पण समाज एकच. लवण म्हणजे मीठ, आणि मीठ वाहणारे ते लमाण, अशी एक व्युत्पत्ती सांगतात. बैलांच्या पाठीवर धान्य आणि मीठ लादून हे लोक देशभर हिंडत. मोगलांच्या फौजांना त्यांनी धान्य पुरवले. १८०३ साली मराठ्यांशी झालेल्या लढाईत आर्थर वेलस्लीच्या फौजेचे पोटही त्यांच्याच तांड्यांवर अवलंबून होते. पुढे रेल्वे आली, पक्क्या सडका झाल्या, आणि बैलांच्या पाठीवरचा व्यापार बसला. त्यातच १८७१ साली इंग्रज सरकारने गुन्हेगार जमातींचा कायदा केला आणि यांच्यातील काही गटांवर तो शिक्का मारला. तो कायदा स्वतंत्र भारतात १९५२ साली रद्द झाला.

अशा फिरत्या जिण्यात घर, भिंत, पेटी यांचा काय उपयोग? म्हणून लमाण स्त्रीने आपली सगळी श्रीमंती अंगावरच बाळगली. तिची काचळी, म्हणजे पाठ उघडी असलेली आणि नाड्यांनी बांधलेली चोळी, तिचा फेटिया म्हणजे घागरा, डोक्यावर घागर घेताना लागणारे गळणो, यांवर आरसे, कवड्या, नाणी आणि रंगीत दोऱ्याचे घट्ट टाके. या टाक्यांना त्यांची स्वतःची नावे आहेत: किलण, वेले, बक्या, माकी, सूर्यकांती माकी, कांस, तेरा दोरा, कवडी, रेलो, गाद्री, भुरिया, पोते, जोल्या, नाक्रा. चौदा नावे झाली. शाळेत न गेलेल्या आजीला ती तोंडपाठ असतात.

या वस्त्राचा बाजार कसा सुरू झाला, हे ऐकण्यासारखे आहे. गोव्याच्या किनाऱ्यावर परदेशी प्रवाशांची गर्दी होऊ लागली, तशा उत्तर कर्नाटकातल्या लमाण बाया तिकडे विक्रीला जाऊ लागल्या. सुरुवातीला विक्रीला काय होते? घरातली जुनी काचळी, आजीचा घागरा. त्यांचे तुकडे कापून पिशवीवर, उशीच्या अभ्र्यावर, सदऱ्याच्या पाठीवर शिवले गेले. दुष्काळाच्या वर्षी जसे सोने गहाण पडते, तसे हे अंगावरचे वस्त्र विकले गेले. जुना माल संपला, तेव्हा बाजारासाठी नवा भरण्याची वेळ आली. पण एका काचळीला जेवढे दिवस लागतात तेवढे दिवस गिऱ्हाईक मोजायला तयार नव्हते. मग टाके विरळ झाले, आरसे चिकटवले जाऊ लागले, आणि 'लमाणी काम' या नावाखाली यंत्रावरचा मालही खपू लागला.

इथे एक वेगळे उदाहरण सांगितले पाहिजे. बळ्ळारी जिल्ह्यात संडूर नावाचे गाव आहे. हे मराठ्यांचे, घोरपडे घराण्याचे जुने संस्थान. त्या घराण्यातील एम. वाय. घोरपडे हे पुढे कर्नाटकाचे अर्थमंत्री होते. त्यांच्या पुढाकाराने तिथे १९८४ साली संडूर कुशल कला केंद्र निघाले. भोवतालच्या तांड्यांतल्या बाया तिथे काम करू लागल्या. केंद्राने तीन गोष्टी केल्या. एक, कापड आणि दोरा यांचा खर्च संस्थेने आपल्या अंगावर घेतला. दुसरी, जुन्या काचळ्यांवरचे टाके नव्या कपड्यांवर आणले. सदरे, कुडते, ओढण्या, पिशव्या असा रोज वापरता येईल असा माल केला. तिसरी, विक्रीची वाट संस्थेने पाहिली, बाईने नव्हे. २०१० च्या सुमारास संडूरच्या लंबाणी भरतकामाला भौगोलिक चिन्हांकन मिळाले, म्हणजे ते नाव दुसऱ्या कोणी आपल्या मालाला लावू नये अशी कायद्याची तरतूद झाली. २०२३ साली हंपीला जी-२० ची बैठक भरली, तेव्हा ४५० हून अधिक लंबाणी स्त्रियांच्या हातचे १७५५ नमुने एकत्र मांडले गेले आणि त्याची जागतिक विक्रम म्हणून नोंद झाली. चौदा टाके तेच, हातही तेच. फरक पडला तो व्यवस्थेने.

व्यवस्था नसली म्हणजे काय होते, ते पाहायला लखनौला जावे लागेल. लखनौचा चिकनचा कुडता आपल्याकडे लग्नकार्यात दिसतो. हातांनी सजवलेल्या सदऱ्याचा हा देशातला सर्वांत मोठा धंदा म्हटला तरी चालेल. यात काम वाटलेले असते. दर्जी कापड बेततो. छपाईवाला लाकडी ठशांनी त्यावर निळी नक्षी उठवतो. ही निळाई धुतली की निघून जाते. मग कापड गावोगाव बायांच्या घरी जाते. त्या तेपची, बखिया, मुर्री, फंदा, जाली असे टाके भरतात. परत आल्यावर धोबी ते धुतो, इस्त्री होते, आणि माल दुकानात जातो. आता बघा, या साखळीत सर्वांत जास्त तास कोणाचे जातात? भरणारीचे. आणि किमतीतला सर्वांत लहान वाटा कोणाचा? तोही तिचाच. ती नगावर, उक्त्याने काम घेते. व्यापारी आणि तिच्यामध्ये एक दलाल, कधी दोन दलाल. शेवटचा भाव काय लागला हे तिला कळतच नाही. १९८४ साली लखनौत 'सेवा' या नावाने स्त्रियांची संस्था उभी राहिली. तिने दलाल गाळून थेट विक्री केली, तेव्हा तिच्या सभासद बायांना हा भाव प्रथम कळला.

याहून बोलके उदाहरण आंध्रातल्या नरसापूरचे आहे. एकोणिसाव्या शतकात मिशनऱ्यांनी तिथल्या स्त्रियांना सुईने लेस विणायला शिकवले. पुढे हा माल जहाजाने परदेशी जाऊ लागला. मारिया मीस या जर्मन विदुषीने या लेसकामाचा अभ्यास करून १९८२ साली पुस्तक लिहिले. तिला आढळले, की या स्त्रिया घरकाम सांभाळून दिवसाचे सहा ते आठ तास विणतात, आणि त्यांची मिळकत शेतमजुरीच्या ठरलेल्या किमान दराहूनही पुष्कळ कमी पडते. हे कसे चालले? तर त्या सगळ्यांना 'गृहिणी' म्हटले जाई. गृहिणी म्हणजे काम न करणारी. तिचा वेळ फावला वेळ. आणि फावल्या वेळाची किंमत ती काय? व्यापारी तसे म्हणत, घरचे पुरुष तसे म्हणत, आणि बायाही स्वतःविषयी तसेच म्हणत. एका शब्दाने आठ तासांची मजुरी गिळली.

परदेशातही हेच घडले. हंगेरी देशात मेझोकोवेश्द नावाचे गाव आहे. तिथल्या मात्यो लोकांचे भरतकाम प्रसिद्ध आहे. रंगीत गुलाबांनी भरलेले सदरे, झगे आणि एप्रन. पण गाव गरीब. जमीन थोडी, माणसे फार. उन्हाळ्यात बिऱ्हाडे दूरच्या जमीनदारांच्या शेतांवर हंगामी मजुरीला जात. आपल्याकडे दिवाळीनंतर ऊसतोडीला निघालेल्या बैलगाड्या ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांना हे निराळे सांगायला नको. १८९६ साली बुडापेस्टच्या मोठ्या प्रदर्शनात हे कपडे शहरी लोकांनी पाहिले आणि मागणी सुरू झाली. व्यापारी गावात आले. हिवाळ्यात घरोघर बाया विक्रीसाठी भरू लागल्या. बोरी किश यांको (१८७६ ते १९५४) ही त्यांतली सर्वांत नावाजलेली नक्षीकार. गावातल्या बाया तिने रेखलेल्या नक्ष्यांवर भरीत. सुखाची गोष्ट एवढीच, की तिचे नाव राहिले. तिचे घर आज संग्रहालय आहे, आणि २०१२ साली युनेस्कोने मात्यो भरतकामाचा मानवजातीच्या वारशाच्या यादीत समावेश केला. दुसऱ्या महायुद्धानंतर तिथे सहकारी पद्धतीने हे काम चालले.

आता हा सगळा इतिहास आपल्या अंगणात आणून ठेवू. समजा, जतच्या एखाद्या बचत गटातली बाई सुती सदऱ्याच्या गळपट्टीवर आणि बाह्यांच्या काठांवर कशिदा काढते. गिरणीच्या घट्ट विणीच्या कापडाचे धागे डोळ्यांनी मोजता येत नाहीत. म्हणून वर जाळीदार कापड टाचावे लागते, त्याच्या घरांवर मोजून भरावे लागते आणि शेवटी त्या जाळीचा एकेक धागा ओढून काढावा लागतो. समजा, या साऱ्याला २४ तास लागले. रोज आठ तास धरले तर ते तीन दिवस झाले. तेच तीन दिवस ती भांगलणीला गेली असती, तर तिला तीन दिवसांचा रोज मिळाला असता. म्हणून सदऱ्याची किंमत ठरवताना कापड, दोरा आणि शिलाई यांच्या जोडीला तीन दिवसांचा रोज मांडलाच पाहिजे. त्यावर विक्रेत्याचा वाटा, गाडीभाडे आणि न खपलेल्या मालाची तूट. एवढे मांडून जी किंमत येईल तीच खरी. तिच्यापेक्षा कमी भावात विकला तर आपण सदरा विकला नाही, बाईचे दिवस विकले.

कोणी म्हणेल, इतकी किंमत दिल्यावर गिऱ्हाईक येणार कुठून? शंका बरोबर आहे. यंत्रावरचे भरतकाम स्वस्त आहे आणि लांबून पाहिले तर तसेच दिसते. हाताच्या कामाने यंत्राशी भावात झुंजू नये. त्यात हाताचा पराभव ठरलेला. तीन दिवसांचा सदरा होत नसेल, तर एका दिवसाचा करावा. सगळी छाती भरण्याऐवजी गळपट्टीवर गवंतीची एकच रेघ, खिशावर एकच वृंदावन. टाके थोडे, पण पक्के आणि दोन्ही बाजूंनी सारखे. संडूरच्या केंद्रानेही काचळी जशीच्या तशी विकायला काढली नाही, रोज अंगात घालता येईल असा माल केला. जाणत्या गिऱ्हाइकाने सदरा उलटा करून पाहावा आणि तिथे एकही गाठ दिसू नये, यातच या मालाची जाहिरात आहे.

दुसरी गोष्ट भांडवलाची. कापड आणि दोरा ज्याचा, भाव त्याचा. हा नियम लखनौत आणि नरसापूरला सारखाच दिसतो. बाईने कापड व्यापाऱ्याकडून उसने घेतले की तिचा माल आधीच विकला गेला असे समजावे. १९७५ साली स्थापन झालेले महिला आर्थिक विकास महामंडळ, गावोगावचे बचत गट, मुंबईत भरणारे महालक्ष्मी सरस प्रदर्शन या सोयी आहेत. त्यांचा उपयोग मुख्यतः कापड घेण्यापुरते भांडवल आणि थेट गिऱ्हाईक यांसाठी करावा. आणि कायद्याचीही जाण असावी. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने १९९६ साली घरी बसून मजुरीने काम करणाऱ्यांसाठी स्वतंत्र करार केला. आपल्याकडे २००८ च्या असंघटित कामगार कायद्यात घरी काम करणाऱ्याची व्याख्या आली, आणि २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही ती आहे. म्हणजे उंबरठ्याच्या आत बसून भरणारी बाई ही कामगार आहे, हे कायद्याने मानले आहे. आपण घरातल्या माणसांनी ते मानायचे राहिले आहे.

शिक्षकांना शेवटी दोन कामे सुचवतो. पहिले, आलेख कागद घ्या आणि मुलांना आपल्या घरच्या जुन्या कुंचीवरचा, टोपड्यावरचा, तांड्यातल्या मुलांना काचळीवरचा एक नमुना चौकटी मोजून उतरवायला सांगा. त्यात गणितही आहे. गवंतीचा टाका एका बिंदूपासून निघतो, प्रत्येक रेषेवरून एकदा जातो आणि एकदा येतो, आणि निघाला तिथेच परत पोचतो. हे का होते, ते मुलांना शोधू द्या. त्याखाली काम करणारीचे नाव, गाव आणि टाक्याचे नाव लिहून घ्या. चौदा टाक्यांची नावे आज आजीच्या तोंडी आहेत, उद्या ती वहीत तरी असावीत.

दुसरे काम याहून सोपे. ज्या घरी आई किंवा बहीण विक्रीसाठी भरतकाम, शिवण, गोधडी असे काही करते, त्या मुलाला एक लहान वही द्या. त्यात रोज दोनच आकडे लिहायचे: आज किती तास काम झाले, आणि महिनाअखेर त्याचे किती पैसे आले. हिशेबाचे उदाहरण म्हणून भागाकार वर्गात करा. तासाला पडलेला आकडा मुलाने घरी जाऊन मोठ्याने वाचून दाखवावा. तो आकडा ऐकल्यावर पुढच्या सदऱ्याचा भाव काय सांगायचा, हे त्या घरातले लोक आपसांत बसून ठरवतील.